कातडं एक, जाती तीन : स्नीकर शिवू पाहणाऱ्या एका पोरासाठी थोडा इतिहास

मागच्या पावसाळ्यात पेडगावला रविवारच्या बैठकीनंतर एक वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून हा लेख. आपल्याच वस्तीतला एक बारावी झालेला पोरगा पांढरे साधे बूट घेतो, त्यावरची कंपनीची चमक ॲसिटोननं पुसून काढतो, पातळ पातळ थर देऊन रंगवतो आणि परभणीच्या कॉलेजातल्या पोरांना विकतो. आता त्याला रंगाच्या पुढं जायचंय. बूट उसवायचा, वरचं अप्पर काढून टाकायचं, आपल्या मनानं कापलेलं चामडं शिवून पुन्हा सोलवर चढवायचं. जगात याला कस्टम स्नीकर म्हणतात आणि असा एकेक जोड लाखाच्या घरात जातो, हे त्यानं मोबाईलवर पाहिलंय. त्यासाठी त्याला चामड्याचं काम शिकायचं होतं.

बैठकीतले एक जुने कार्यकर्ते, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, ते तिथंच भडकले. "बाबासाहेबांनी आपल्याला कातड्यापासून सोडवलं, अन् तू परत कातड्यात हात घालायला निघालास?" पोरगा गप्प बसला. मी म्हणालो, "दादा, याचं उत्तर इतिहासात बघावं लागंल." ते म्हणाले, "बघा मग."

तर बघू.

सुरुवात महाडपासून करू, कारण दादांचा मुद्दा तिथूनच येतो. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, लाचारीची कामं सोडायला सांगितलं. पुढं गावोगाव आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. मग दुसऱ्या बाजूनं हिशेब मांडला गेला की अहो, ढोराचं कातडं, शिंगं, हाडं विकून तुम्हाला वर्षाला इतके रुपये मिळायचे, ते तुमच्या नेत्यानं बुडवले. 'केसरी'त आलेल्या या हिशेबाची आठवण बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितली आहे. त्यांचं उत्तर साधं होतं. यात एवढा नफा दिसत असेल तर ढोरं तुम्ही ओढा, नफाही तुम्हीच घ्या. उलट वर पदरचे पैसेही द्यायची त्यांची तयारी होती. अर्थातच कुणी पुढं आलं नाही.

या उत्तरात कातड्याला कुठंही अपवित्र म्हटलेलं नाही. कातडं अपवित्र आहे हे तर मनुवाद्यांचं मत. बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती, म्हणजे एखादं काम एका जातीच्या गळ्यात जन्मापासून बांधणं. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी सांगितलं की जात ही श्रमाची विभागणी आहे असं म्हणणं अपुरं आहे, ती श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही खालीवर लावलेली. त्याच वर्षी गांधींनी 'हरिजन'मधून उत्तर दिलं ते वर्णाच्या बाजूनं. वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरावं, असा त्याचा सार. म्हणजे वाद धंद्याच्या निवडीचा होता. निवड माणसाची की जन्माची?

आता दादांच्या एका शब्दाकडे येतो. ते म्हणाले "परत". परत कुठं? आपल्या मराठवाड्याच्या गावगाड्यात एका बैलाच्या कातड्यावर तीन जाती उभ्या होत्या. मेलेलं ढोर ओढून न्यायचं, सोलायचं ते महारानं. ते कातडं चुना, बाभळीची साल आणि हिरड्यात कमवायचं ते ढोरानं. आणि कमावलेल्या कातड्याचा जोडा, मोट, वादी, आसूड शिवायचा तो चांभारानं. कातडं एकच, पण तिघांचा रोटीबेटी व्यवहार नाही. चांभार स्वतःला ढोरापेक्षा वरचा समजायचा, ढोर महारापेक्षा. श्रेणीबद्ध विषमता पुस्तकात वाचून ज्यांना कळत नाही त्यांनी एका पायताणाचा प्रवास बघावा.

याचा अर्थ असा की महाराचा पोरगा आरी हातात घेऊन जोडा शिवतोय, हे आपल्या गावगाड्यात कधी मान्यच नव्हतं. शिवायला बसला असता तर चांभारानंच उठवलं असतं. बौद्ध घरातला पोरगा आज अप्पर शिवायला निघालाय, तो परंपरेकडं परत चाललेला नाही. तो परंपरेनं आखलेली रेघ ओलांडतोय. बैठकीत मला हे सुचलं नव्हतं, नंतर रात्री सुचलं. (चांगली उत्तरं नेहमी शेवटची बस गेल्यावरच सुचतात.)

चांभाराला तरी या कामातून काय मिळायचं? खळ्यावर धान्याचं बलुतं. मोट फाटली की रात्री-अपरात्री हजर. पाटलाच्या पायाचं माप त्याच्या ध्यानात पक्कं. म्हणजे प्रत्येक जोड मापानं, एका माणसासाठी, हातानं शिवलेला. आज ज्याला 'बिस्पोक', 'कस्टम' म्हणून दसपट किंमत लावतात ते हेच काम. फरक एवढाच की त्या जोडावर शिवणाऱ्याचं नाव नव्हतं, किंमत ठरवायचा हक्क नव्हता, आणि ज्यानं शिवला त्याच्या जातभाईला गावातून जाताना पायातला जोडा हातात घ्यावा लागायचा. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. जून २०१८ मध्ये गुजरातमध्ये तेरा वर्षांच्या एका दलित मुलाला मोजडी घातली म्हणून मारहाण झाली. पायात काय घालायचं हा आपल्याकडं फॅशनचा प्रश्न कधीच नव्हता. बाबासाहेबांच्या प्रत्येक पुतळ्याच्या पायात बूट असतात आणि ते तिथं असणं किती जणांना खुपतं, हे आपल्याला माहीत आहे.

बाराव्या शतकातल्या कल्याणची गोष्टही इथं सांगायला हवी. आजचं बसवकल्याण बिदर जिल्ह्यात आहे, १९५६ पर्यंत ते आणि परभणी एकाच हैदराबाद राज्यात होते. शरण परंपरेत सांगतात की हरळय्या नावाच्या चर्मकारानं आणि त्याची बायको कल्याणम्मा हिनं बसवण्णांसाठी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, आणि हे पायात घालायची आपली योग्यता नाही असं बसवण्णांनी म्हटलं. भक्तीची गोष्ट म्हणून ही सगळे सांगतात. पुढचा भाग गाळतात. याच हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या जन्मानं ब्राह्मण असलेल्या शरणाच्या मुलीशी झालं, आणि बिज्जळ राजानं दोन्ही बापांना हाल करून मारलं. चर्मकारानं अंगाचं कातडं काढून दिलं तोवर सगळं ठीक होतं. त्यानं माणूस म्हणून सोयरीक जोडली तेव्हा हत्तीच्या पायी.

आता गावातून बाहेर पडू, कारण गावातला जोडा गावात मेला नाही, तो दूर अमेरिकेत मेला. मॅसॅच्युसेट्समधलं लिन हे गाव बुटांसाठी प्रसिद्ध होतं. तिथं कापायची आणि शिवायची यंत्रं आली होती, पण अप्पर फर्म्यावर ताणून सोलला जोडायचं काम हातानंच व्हायचं. हे काम करणारे कारागीर दिवसाला पन्नासेक जोड काढायचे आणि आपल्या हाताची नक्कल यंत्राला जमणार नाही या भरवशावर होते. ती नक्कल केली यान अर्न्स्ट मात्झेलिगर यानं. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये १८५२ मध्ये जन्मलेला, आई कृष्णवर्णीय, बाप डच. लिनमध्ये मजुरी करत, इंग्रजी शिकत, अर्धपोटी राहून त्यानं यंत्र बनवलं. २० मार्च १८८३ रोजी पेटंट मिळालं. यंत्र पुढं दिवसाला सातशे जोडांपर्यंत गेलं. पण यंत्र उभं करायला भांडवल नव्हतं, म्हणून हक्काचा मोठा हिस्सा भांडवलदारांना द्यावा लागला. १८८९ मध्ये क्षयानं गेला, वय ३६. त्याच्या यंत्रावर उभी राहिलेली कंपनी पुढं बुटांच्या यंत्रांची मक्तेदार झाली.

१९०४ मध्ये त्याच लिनमध्ये एक पाहुणा कारखान्यात कामगार म्हणून राबायला आला. तोमाश बाटा. आजच्या चेक देशातल्या झ्लिन गावच्या, पिढ्यान्‌पिढ्या चांभारकाम करणाऱ्या घरातला. त्यानं भावंडांसोबत १८९४ मध्ये कंपनी काढली होती. लिनमध्ये यंत्राचं काम शिकून तो परतला आणि जगातला सगळ्यात मोठा बूटवाला झाला. १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसलं, आणि तिथून निघालेला रबरी सोलचा कॅनव्हास बूट आपल्या शाळेच्या पी.टी.च्या तासापर्यंत आला. आपण आयुष्यात पहिल्यांदा घातलेला स्नीकर तोच. गावात आधी बाटा आला, मग इंजिन आणि जायकवाडीचा कालवा आला, मोट गेली, आणि चांभाराच्या हाती उरलं ते बसस्टँडवर बसून तुटलेला अंगठा लावणं.

झ्लिनच्या चांभाराचा पोरगा मालक झाला, मग आपल्या चांभारवाड्यातून एक बाटा का निघाला नाही? हुशारी कमी होती? हात कमी होते? समाजशास्त्र शिकताना मला 'सांस्कृतिक भांडवल' वगैरे शब्द शिकवले गेले. साध्या भाषेत सांगायचं तर बाटाच्या दुकानात येणारा गिऱ्हाईक त्याच्या हातचं पाणी प्यायचा. सावकार त्याला दारात उभं करायचा. त्याच्या बुटावर त्याचं आडनाव छापलं तर विक्री वाढायची. आपल्याकडं तेच आडनाव छापलं तर?

तरीही आपल्याकडं एक आग्रा आहे, आणि दादांना मी हेच उदाहरण दिलं. आग्र्याच्या जाटव समाजानं बुटांच्या कामात हात घातला तो सक्तीच्या गावकीतून बाहेर पडून, शहरात, रोख पैशावर. त्यातून काहींचे स्वतःचे कारखाने झाले. त्या पैशातून शाळा, वसतिगृहं, निवडणुका उभ्या राहिल्या. शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि पुढं रिपब्लिकन पक्षाचा उत्तरेतला तो मोठा गड. बाबासाहेब १८ मार्च १९५६ ला तिथं बोलले. ओवेन लिंच या अमेरिकी अभ्यासकानं यावर १९६९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला आहे, 'द पॉलिटिक्स ऑफ अनटचेबिलिटी'. पंजाबात जालंधरजवळच्या बूटा मंडीतही तेच, चामड्याच्या व्यापारातून आलेला पैसा आणि आदधर्म चळवळ. चामडं तेच. पण बलुत्याच्या चामड्यानं गुलामी दिली आणि मालकीच्या चामड्यानं चळवळीला पैसा दिला.

आग्र्याचं फार कौतुकही नको. माल जाटवांचा, पण बाजार बराचसा आडत्यांच्या हाती. नगद पैशाऐवजी पुढच्या तारखेची पर्ची हातात द्यायची, आणि गरजू कारागिरानं ती दलालाकडं कमी पैशात मोडायची, ही तिथली जुनी रीत. हात आपले आणि नाडी दुसऱ्याच्या हाती, ही दशा चालूच राहिली.

आता स्नीकर. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ होते. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हार्लेमची १२५ वी गल्ली. तिथं १९८२ मध्ये डॅनियल डे, म्हणजेच डॅपर डॅन, या कृष्णवर्णीय शिंप्यानं दुकान थाटलं. श्रीमंत ब्रँडच्या दुकानांत काळ्या माणसाकडं चोर म्हणून बघायचे. यानं त्याच ब्रँडची चिन्हं स्वतः चामड्यावर छापून हार्लेमच्या गायकांना, मुष्टियोद्ध्यांना मापाचे कपडे शिवून दिले. ब्रँडनी खटले, छापे घातले, १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. मग २०१७ मध्ये गुची कंपनीच्या एका शोमध्ये जे जॅकेट आलं ते डॅननं १९८९ मध्ये धावपटू डायन डिक्सनसाठी शिवलेल्या जॅकेटसारखंच निघालं. लोकांनी आवाज उठवल्यावर गुचीनं त्याच्याशी करार केला आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याची कार्यशाळा पुन्हा उघडली. काळ्यानं उचललं तर चोरी, आणि त्याचं उचललं तर 'प्रेरणा'.

डॅननं दुकान काढलं त्याच १९८२ मध्ये नायकेचा एअर फोर्स वन आला, १९८५ मध्ये एअर जॉर्डन. हे बूट काळ्या वस्त्यांनी मोठे केले. कस्टम स्नीकरचा आजचा बाजार त्यांच्यावरच उभा आहे. त्यात सगळ्यात गाजलेलं नाव डॉमिनिक चाम्ब्रोन, कॅलिफोर्नियाचा गोरा माणूस. शाळेत असताना एअर फोर्स वनवर रंग मारून सुरुवात केली, मग जोडे बांधणाऱ्या एका जुन्या कारागिराकडं बसून शिवण शिकला, आणि अजगराच्या कातड्यापर्यंत सगळं वापरून जोड करू लागला. त्याचं नाव पडलं 'शू सर्जन'. तिकडं बूट उसवून शिवणारा शल्यविशारद होतो. आपल्याकडं तेच करणाऱ्याला जी हाक मारतात ती मी लिहीत नाही, तुम्ही ऐकलेली आहे. जुलै २०२४ मध्ये नायकेनं या सर्जनवरही खटला घातला, आमचं चिन्ह वापरता म्हणून, आणि सहा कोटी डॉलर मागितले. हे आपल्या पोरानं ध्यानात ठेवावं. आपल्या ट्रेड मार्क्स ॲक्टच्या कलम ३० मध्येही आहे की विकत घेतलेला माल आहे तसा विकला तर ठीक, पण त्याची स्थिती बदलून विकला तर चिन्हाचा मालक हरकत घेऊ शकतो. दुसऱ्याच्या चिन्हावर रंगकाम करून हात बसवावा, पण दुकान स्वतःच्या चिन्हावर उभं राहतं.

आपल्या इथं असं कुणी केलंय का? मुंबईत सुधीर राजभर. घर मूळ उत्तर प्रदेशातलं, वाढला मुंबईत, शिक्षण चित्रकलेचं. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि धारावीतल्या चामडे कारागिरांचं काम बसलं. राजभर त्या कारागिरांसोबत बसला. जुन्या टायरट्यूबच्या रबरापासून चामड्यासारखा कपडा वापरून बॅगा शिवायला सुरुवात केली आणि ब्रँडला नाव दिलं 'चमार'. जो शब्द अपमानासाठी वापरला तर ॲट्रॉसिटी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं, तोच शब्द बॅगेवर. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या रबरी खुर्च्या मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात होत्या. तो बॅगा आणि खुर्च्या करतो, स्नीकर नव्हे, पण वाट तीच आहे. कारागिराचा हात, स्वतःचं डिझाइन, आणि लपवण्याऐवजी ठळक छापलेलं नाव.

माझी एक शंका मात्र आहे. राजभर स्वतः त्या जातीतला नाही, भर समाजाचा आहे. हा शब्द कुणी मिरवायचा, यावर चर्मकार समाजातल्या कार्यकर्त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं. ते माझ्यासारख्या बौद्धानं परस्पर ठरवू नये. दुसरं असं की खुर्ची मायामीला गेली म्हणजे धारावीतला कारागीर भागीदार झाला असं होत नाही. तो हिशेब प्रत्येक वेळी विचारायलाच हवा, आपल्या माणसालासुद्धा.

आणि मग प्राडा. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चप्पल निघाली, नाव न घेता. गोंधळ झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर यांच्याशी करार झाला. दोन हजार जोड, एकेक सुमारे ८०० युरोला, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. टीव्हीवर 'मराठी अस्मिता' म्हणून ओरडणाऱ्यांत चर्मकार माणूस किती दिसला, हे आठवून बघा. चपलेला अस्मिता आहे, शिवणाऱ्याला अजून जातच आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपुरा या आठ जिल्ह्यांसाठी. परभणी त्यात नाही. म्हणजे आपल्याकडच्या चर्मकारानं तशीच, हिरड्याच्या कातड्याची, खिळा न मारता वादीनं शिवलेली चप्पल केली तरी ती त्या नावानं विकता येत नाही. मराठवाड्याच्या पायताणाला स्वतःचं नाव मिळवायला कुणी अर्जसुद्धा केलेला माझ्या ऐकिवात नाही. निवेदनं तर आपण रोज देतो, एक या कामासाठीही देता येईल.

दादांना हे सगळं एका बैठकीत सांगता आलं नाही, पुढच्या दोन रविवारी सांगितलं. आग्र्यावर ते गप्प झाले. प्राडावर हसले. शेवटी म्हणाले, "ते समदं खरंय. पर त्याला नोकरी लागली असती तर तो या भानगडीत पडला असता का?" हा प्रश्न खोटा नाही. भरती बंद, कंत्राटी पदं, त्यात 'स्टार्टअप करा' म्हणून पोरांना वाऱ्यावर सोडणं चालू आहे. बूट शिवणं हे आरक्षणाला उत्तर नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथंच अडवलं पाहिजे.

पोरानं तोवर परभणीतला एक म्हातारा कारागीर गाठला होता. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाचा तू?" पोरानं सांगितलं. म्हातारा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमच्यातलं कुणी ह्याला बसत नसतंय." पोरगा म्हणाला, "बाबा, तुमच्यातलं तरी कुठं बसतंय आता?" म्हाताऱ्याची दोन्ही पोरं पुण्याला कंपनीत आहेत.

पहिला महिना त्यानं फक्त रापीला धार लावायला शिकवलं. पोरगा कंटाळलाय, पण जातोय. फर्म्यांचा एक जुना जोड आठ नंबरचा मिळालाय, बाकीचे नंबर विकत घ्यायचे तर पैसे लागतील. दादांनी परवा मला बाजूला घेऊन विचारलं की किती लागतील.

जय भीम.